विमान टेकलं, पण उतरता येईना

आईचा डावा गुडघा नोव्हेंबर २०२४ मध्ये बंगळुरूला बदलला. दादा तिथे नोकरीला आहे, म्हणून ऑपरेशन तिथेच करायचं ठरलं होतं. दीड महिना फिजिओथेरपी झाली, ती वॉकर सोडून काठीवर आली आणि मग तिनं घरी जायचा धोशा लावला. मी जळगावहून किरकोळ रजा टाकून तिला आणायला गेले. परतीचा प्रवास शनिवारी, ४ जानेवारी २०२५ ला होता आणि सोमवारी मला शाळेत हजर व्हायचं होतं.

त्या दिवशी विमान वेळेत टेकूनही आम्ही दीड तासाहून जास्त वेळ आत अडकलो आणि पुढचं विमान चुकलं. म्हाताऱ्या माणसाला घेऊन खान्देशात विमानानं येणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे. विमानतळाचं आणि कंपन्यांची नावं देत नाही.

आधी तिकिटांबद्दल, कारण पहिली चूक तिथेच झाली. जळगावचा विमानतळ २०१२ मध्ये झाला, पण नियमित विमान सुरू झालं ते डिसेंबर २०१७ मध्ये, छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेतून. तेव्हापासून इथले मार्ग सुरू होतात, बंद पडतात, पुन्हा सुरू होतात. दूरहून येणाऱ्याला बहुतेक वेळा मधल्या एखाद्या मोठ्या शहरात विमान बदलावं लागतं आणि जळगावचं विमान तेव्हा काही रोज नव्हतं. मी बंगळुरू ते ते मोठं शहर असं एका कंपनीचं तिकीट काढलं आणि तिथून जळगावचं दुसऱ्या कंपनीचं. दोन पीएनआर, म्हणजे बुकिंगचे दोन वेगळे क्रमांक झाले. पहिलं विमान ११:२० ला पोचणार, दुसरं १४:०५ ला निघणार. मध्ये पावणेतीन तास होते. मला ते भरपूर वाटले.

व्हीलचेअरची मागणी मी दोन्ही कंपन्यांकडे ४८ तासांहून आधी नोंदवली होती. ही नोंद तिकीट काढतानाच करून टाका आणि आदल्या दिवशी फोन करून ती दिसते आहे ना, हे विचारून घ्या. व्हीलचेअरच्या प्रवाशाला विमानात सगळ्यात आधी बसवतात आणि सगळ्यात शेवटी उतरवतात. हे मला माहीत होतं, पण वेळेचा हिशेब करताना मी ते धरलं नाही.

सकाळी सहाला दादाच्या घरी आईनं दोन इडल्या खाल्ल्या, शुगरची गोळी घेतली आणि आम्ही निघालो. विमान थोडं उशिरा सुटलं, पण वाटेत त्यानं वेळ भरून काढली. ११:२४ ला चाकं धावपट्टीला लागली. मी मोबाइल सुरू करून दादाला मेसेज टाकला, "पोचलो." आईनं शबरीचा फोटो असलेली आपली कापडी पिशवी मांडीवर घेतली आणि पट्टा सोडायला हात घातला.

धावपट्टी सोडून विमान थोडं पुढे गेलं आणि थांबलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काही लोक उठून वरच्या बॅगा काढू लागले, तर हवाईसुंदरीनं सगळ्यांना परत बसवलं. मग वैमानिकाचा आवाज आला. आपल्याला दिलेल्या बेवर आधीचं विमान अजून उभं आहे, ते निघालं की आपण आत जाऊ, साधारण पंधरा मिनिटं लागतील.

बे म्हणजे विमान उभं करायची जागा. काही बे टर्मिनलला लागून असतात, तिथे एरोब्रिज लागतो आणि माणूस चालत थेट इमारतीत जातो. काही लांब मोकळ्यावर असतात, तिथे शिडी लावतात आणि बसनं नेतात. आमचा बे एरोब्रिजचा होता. खिडकीतून तो दिसतही होता, फार तर तीनशे मीटरवर. तिथल्या विमानाचा एरोब्रिज बाजूला झाला होता, दारं बंद होती, नाकाला ढकलणारा ट्रॅक्टर जोडलेला होता. ट्रॅक्टरचा माणूस उतरून चाकाला टेकून उभा होता. म्हणजे विमान तयार होतं, पण हलत नव्हतं.

पंधराची तीस मिनिटं झाली, तेव्हा खरं कारण कळलं. आमच्या बेवर उभं असलेलं विमान दिल्लीला जाणारं होतं. दिल्लीत त्या दिवशी दाट धुकं होतं. तिथे दिसतच नसेल तर एका तासात मोजकीच विमानं उतरवता येतात. मग बाकीच्यांना हवेत घिरट्या घालायला लावण्यापेक्षा ती जिथून निघणार तिथेच जमिनीवर थांबवतात आणि प्रत्येकाला निघायची नवी वेळ देतात. त्या विमानाची वेळ पुढे पुढे ढकलली जात होती. ते हलेना म्हणून आम्ही अडकलो, आणि आमच्या मागे आणखी एक विमान येऊन थांबलं होतं. धुकं दिल्लीत आणि खोळंबा इथे, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. आईला समजावलं तर ती म्हणाली, "म्हंजे त्या बिचारा बी आत बठेल शेतस?" हो, तेही दार बंद करून आतच बसले होते, आमच्याहून जास्त वेळ.

दुसरा बे का देत नाहीत, असं मागचे एक काका मोठ्यानं विचारत होते. प्रश्न रास्त होता. हवाईसुंदरीनं त्यांना शांतपणे सांगितलं की बे कोणता हे विमान कंपनी ठरवत नाही, विमानतळाचा कक्ष ठरवतो, आणि आत्ता सगळेच भरले आहेत. जी विमानं निघून जायला हवी होती ती सगळी उभीच होती ना.

१२:०५ च्या सुमारास आईचा आवाज बदलला. "कितला येळ बठानं आते?" एवढंच ती म्हणाली, पण शब्द ओढल्यासारखे आले. एरवी ती शेजारच्या प्रवाशाची सगळी माहिती काढून मोकळी होते आणि गेली दहा मिनिटं ती गप्प होती. मी हात हातात घेतला तर तळवा ओला आणि गार. कपाळावर, केसांच्या रेषेला घामाचे बारीक थेंब. बोटं थरथरत होती.

शुगर मोजायचं यंत्र माझ्या पर्समध्ये होतं. ते मी कधीच मोठ्या बॅगेत टाकत नाही, तुम्हीही टाकू नका. बोटाला टोचलं, आकडा आला ६२. सत्तरच्या खाली गेलं की लगेच साखर द्यायची, हे तिच्या डॉक्टरांनी आम्हाला पाठ करून घेतलं होतं. भाकरी-पोळी नंतर, कारण तिला रक्तात उतरायला वेळ लागतो. आधी ग्लुकोज पावडर किंवा साधी साखर, साधारण तीन चमचे, पाण्यात कालवून. पावडर होती, पाणी नव्हतं. सुरक्षा तपासणीत बाटली रिकामी केली होती आणि पुन्हा भरायची राहून गेली.

मी बेल दाबली. हवाईसुंदरी पट्टा सोडून लगेच आली. मी एका वाक्यात सांगितलं, आईला डायबेटीस आहे, शुगर ६२ आहे, पाणी हवंय. तिनं दोन ग्लास पाणी आणलं आणि न विचारता फळांच्या रसाचा एक डबाही आणला. आईनं ग्लुकोजचं पाणी घोट घोट घेतलं. मी घड्याळ लावलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, ९४. मग डबा उघडला. डब्यात दशम्या होत्या, दुधात भिजवलेल्या, वहिनीनं आईला विचारून विचारून केलेल्या, आणि शेंगदाण्याची चटणी. आईनं दीड दशमी खाल्ली आणि उरलेली अर्धी शेजारच्या कॉलेजच्या मुलाला दिली. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

त्यानंतर तिला बाथरूमला जायचं होतं. पट्ट्याचा दिवा लागलेला असताना उठू देत नाहीत, कारण विमानाला कुठल्याही क्षणी पुढे जायला सांगू शकतात आणि झटक्यानं उभा माणूस पडतो. आईचा गुडघा सहा आठवड्यांचा. हवाईसुंदरीनं फोनवर कॅप्टनला विचारलं, विमान पाच-सात मिनिटं हलणार नाही याची खात्री केली आणि स्वतः आईला धरून नेलं, परत आणलं. असं विचारता येतं. मी अर्धा तास संकोचानं गप्प बसले होते, आईही ताटकळत बसली होती. तसं करू नका. आजार, औषध, पुढचं विमान, जे असेल ते पहिल्या दहा मिनिटांतच सांगून ठेवा. मी पुढच्या विमानाचं सांगितलं तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. त्यांनी कंपनीच्या जमिनीवरच्या माणसांना कळवलं, पण जळगावचं विमान दुसऱ्या कंपनीचं, त्यामुळे त्यांना फार काही करता आलं नाही.

बसल्या बसल्या आईला घोट्यापासून पाऊल वरखाली करायला लावत होते. ऑपरेशननंतर फार वेळ पाय लटकता राहिला की सूज येते आणि रक्ताची गाठ होण्याची भीती असते, हे फिजिओथेरपिस्टनं बजावलं होतं. दर दहा मिनिटांनी वीस वेळा. समोरच्या रांगेतली एक छोटी मुलगीही तिच्याबरोबर पाय हलवू लागली.

१२:४८ ला विमान हललं. पण एरोब्रिजच्या बेकडे नाही, लांबच्या मोकळ्या बेकडे. तिथे एक जागा रिकामी झाली होती. १२:५५ ला इंजिनं बंद झाली, चाकांना चॉक, म्हणजे अडवायचे ठोकळे लागले. विमान कंपन्यांच्या हिशेबात पोचल्याची वेळ ही धरतात, टेकल्याची नाही. दादाला पाठवलेला माझा "पोचलो" दीड तास आधीचा होता.

दोन शिड्या लागल्या, बसगाड्या आल्या, दहा-बारा मिनिटांत विमान रिकामं झालं. कॉलेजच्या मुलानं आमची वरची बॅग काढून सीटवर ठेवली, आईच्या पाया पडला आणि गेला. मग आम्ही दोघी आणि मागच्या रांगेतले एक आजोबा, तिघेच उरलो. एरोब्रिज असता तर व्हीलचेअर दारापर्यंत आली असती. इथे शिडी होती, वीसएक पायऱ्यांची, आणि आईला पायऱ्या अजून बंद होत्या. अशा वेळी अँब्युलिफ्ट येते. ट्रकवर बसवलेली एक खोली, ती कात्रीसारख्या पायांवर वर उचलली जाते आणि विमानाच्या दाराला लागते. ती दुसऱ्या विमानाकडे गेली होती. बराच वेळ वाट पाहिली. सफाई कामगार आत येऊन आमच्याभोवती सीटच्या पट्ट्या जुळवत होते.

अँब्युलिफ्ट आली तेव्हा दोन मुलं एक अरुंद खुर्ची घेऊन आत आली. सीटांमधल्या वाटेत नेहमीची व्हीलचेअर मावत नाही, म्हणून ही. आईला त्यांनी इतक्या हळुवार उचललं की तिचा गुडघा जराही वाकला नाही. खाली आलो तेव्हा १:२२ झाले होते. दोन तिकिटं वेगळी असल्यामुळे बॅगाही इथेच घ्यायच्या होत्या आणि पुन्हा नव्यानं द्यायच्या होत्या. पट्ट्यावर आमच्या दोन बॅगा तेवढ्या फिरत होत्या. दुसऱ्या कंपनीच्या काउंटरला पोचलो १:४१ ला. काउंटर १:०५ ला, निघण्याच्या एक तास आधी बंद झालं होतं.

काउंटरवरची मुलगी मराठी होती. तिनं वर फोन करून पाहिला. लोड शीट गेली होती, म्हणजे कोण किती, सामान किती हा वजनाचा हिशेब वैमानिकाकडे पोचला होता. छोट्या विमानात तो हिशेब पुन्हा करणं सोपं नसतं. "ताई, तुम्ही पंचवीस मिनिटं आधी आला असतात तर मी धावपळ केली असती," ती म्हणाली. तिचा त्यात काही दोष नव्हता. जळगावचं पुढचं विमान मंगळवारी होतं.

आमचे पैसे कुठे गेले ते सांगते. जळगावची दोन तिकिटं मिळून ५,३०० रुपये होती, ती बुडाली. न गेलेल्या प्रवाशाला भाडं परत मिळत नाही. पण सरकारी कर आणि विमानतळाचं वापरकर्ता शुल्क परत करावंच लागतं, तुम्ही तिकीट रद्द करा किंवा नुसते पोचू नका, तरीही. हा डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे आणि तो आपल्याला कुणी आपणहून सांगत नाही, अर्ज करावा लागतो. पहिल्या कंपनीनं स्पष्ट सांगितलं की पीएनआर वेगळे, त्यामुळे पुढच्या विमानाची जबाबदारी त्यांची नाही. एकाच पीएनआरवर दोन्ही विमानं असती तर पुढची सोय त्यांना करावी लागली असती. जिथे एका तिकिटात येणं शक्य आहे तिथे हजार-पाचशे जास्त पडले तरी एकच तिकीट काढा.

दादाशी फोनवर बोलून ठरवलं की रात्रीच्या बसमध्ये आईला न्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी छत्रपती संभाजीनगरला विमान होतं, तिथून जळगाव साधारण १६० किलोमीटर. आदल्या दिवशी काढलेली तिकिटं, दोघींची ९,८०० रुपये. विमानतळाजवळ तळमजल्याची खोली असलेलं लॉज, १,९०० रुपये. खोली घेताना मी बाथरूमचं कमोड आणि उंबरा आधी पाहून घेतला. आई रात्री लवकर झोपली. मला झोप लागली नाही. ६२ हा आकडा डोळ्यांपुढून जात नव्हता.

रविवारी विमान वेळेत होतं, वेळेत टेकलं आणि चार मिनिटांत दार उघडलं. टॅक्सीनं ४,२०० रुपये घेतले. चालकदादा सिल्लोडचे होते. त्यांनी पुढची सीट मागे सारून आईला पाय लांब करता येईल असं केलं. अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला चहा घेतला. मग आईनं काच खाली केली. पहूर, नेरी करत जळगाव जवळ आलं आणि कुसुंब्याला रस्त्याच्या कडेनं आपल्याच विमानतळाची भिंत लागली. आई बराच वेळ तिकडे बघत होती. "आठेच उतरानं व्हतं ना आपले?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. दुपारी दोनला घरी पोचलो. शेजारच्या काकूंनी तुळशीला रोज पाणी घातलं होतं.

सोमवारी शाळेत गेले. गुरुवारी, ९ जानेवारीला दोन कामं केली. दुसऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर कर आणि शुल्क परत मिळण्यासाठी अर्ज टाकला. पहिल्या कंपनीकडे विमान किती उशिरा बेवर लागलं याचं प्रमाणपत्र मागितलं, ते सहा दिवसांनी ईमेलनं आलं. त्यात कारण लिहिलं होतं, बे उपलब्ध नव्हता. प्रवास विमा काढला असेल तर हा कागद लागतो. आम्ही विमा काढला नव्हता.

पंधरा दिवस दुसऱ्या कंपनीकडून काहीच आलं नाही. कार्डानं पैसे भरले असतील तर परतावा सात दिवसांत मिळायला हवा. म्हणून २४ जानेवारीला एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार केली. पीएनआर, तारीख, बोर्डिंग पासचा फोटो, आधीचा अर्ज, एवढं जोडलं. मराठीत नाही, साध्या इंग्रजीत सहा ओळी लिहिल्या, राग कुठे आणला नाही. २९ तारखेला खात्यात १,०७२ रुपये जमा झाले.

एका गोष्टीचा मात्र मला अजून त्रास होतो. अमेरिकेत २०१० पासून नियम आहे की देशांतर्गत विमानात प्रवाशांना जमिनीवर तीन तासांहून जास्त अडकवून ठेवायचं नाही आणि दोन तासांच्या आत पाणी आणि खाणं द्यायचं. आपल्याकडे मार्च २०२४ च्या अखेरीस सूचना निघाल्या की विमानात बसल्यावर निघायला फार उशीर होत असेल तर प्रवाशांना परत टर्मिनलमध्ये आणता येईल. ती निघणाऱ्यांची सोय झाली. पोचलेल्यांचं काय? टेकल्यावर अमुक मिनिटांत बे नाही मिळाला तर मोकळ्यावर शिडी लावा, आजारी माणसांना आधी उतरवा, एवढं कागदावर आलं तरी पुष्कळ. आम्हाला पाणी मिळालं ते त्या एका मुलीच्या माणुसकीमुळे. मी एअरसेवाच्या अभिप्रायात हेही लिहिलं आहे.

आईची पुढची तपासणी एप्रिलमध्ये आहे. या वेळी मधल्या शहरात एक रात्र मुक्काम धरूनच तिकिटं काढली आहेत, लॉजही तेच, तळमजल्याची तीच खोली. ग्लुकोजच्या दोन पुड्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत. पाण्याची बाटली तपासणी झाल्यावर भरायची आठवण मी मोबाइलमध्ये लावून ठेवली आहे, आणि आई म्हणते, दशम्या या वेळी सहा घे, शेजारी कोण बसतं काय माहीत.